बाकावरचं उत्तर

हैदराबाद,
१८ जानेवारी २०२५

प्रिय तेजू,

सप्रेम नमस्कार. संक्रांत उलटून गेली तरी तिळगूळ घे आणि माझ्याशी गोड बोल. इकडे आम्ही खुशाल. आमच्या दिलीपरावांचे गुडघे कुरकुर करतात आणि गुडघ्यांपेक्षा जास्त ते स्वतः करतात. गच्चीवर पतंगांच्या मांज्याने माझ्या कपड्यांच्या दोरीचा पार गुंता करून ठेवलाय. नामपल्लीला नुमाईशची जत्रा लागली आहे. दहावीत असताना तिथल्या आकाशपाळण्यात तू डोळे मिटून माझा दंड असा धरला होतास की वळ उठले होते, आठवतं? यंदा मी गेले नाही. गर्दीत आपल्या मागे कोण आहे ते कळत नाही, म्हणून गेले नाही.

हे पत्र नेहमीसारखं सत्यवतीगारूंच्या नावाने टाकते आहे. त्या चालवतात त्या वसतिगृहाच्या पत्त्यावर तुझं नाव कुठेही नको, असं तू बजावलं होतंस, ते मी पाळते. फोन मात्र यापुढे त्यांनाही करणार नाही. का, ते पुढे लिहिते. आधी शाळेचं.

२ फेब्रुवारीला, रविवारी, आपल्या वर्गाचा मेळावा आहे. नारायणगुड्याला, शाळेच्या त्याच हॉलमध्ये. आणि एकनाथराव सर हजेरी घेणार आहेत. हजेरीबद्दल मी तुला तुकड्यातुकड्याने लिहीत आले, पण आज सगळं नीट लिहिते, कारण या वेळी तुला काहीतरी ठरवायचं आहे.

तू गेलीस त्याच हिवाळ्यात आम्ही सरांकडे आमंत्रण घेऊन गेलो होतो. माजी विद्यार्थी संघ म्हणजे तेव्हा काय होतं ते तुला माहीत आहे. रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ. सर म्हणाले, शाल नको, माझ्याकडे शालींचं कपाट आहे. बाक मांडा, ज्याच्या त्याच्या जागी बसा, मी हजेरी घेतो. जो आला नसेल त्याच्याबद्दल त्याच्या बाकावरच्याने उठून उत्तर द्यायचं. पहिल्या खेपेला सगळ्यांचं उत्तर एकच, "मजेत आहे, सर." सरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मजेत काय, माझ्या घरचा फ्रीजही आहे. मला काहीतरी ताजं सांगा. काय खाल्लं, कशावर हसला, कशाला घाबरला. ते माहीत नसेल तर तुम्ही एका बाकावर बसला होतात कशाला?

लाजेने माना खाली गेल्या गं. पण तिथून सगळं फिरलं. दर तीन महिन्यांनी हजेरी, म्हणजे दर तीन महिन्यांनी बाकावरच्याला गाठणं आलं. आणि नुसता फोन करून ताजं काही हाती लागत नाही, लोक "मजेत" म्हणून ठेवून देतात. घरी जावं लागतं, चहा प्यावा लागतो, थोडं बसावं लागतं. पद्मावती अशीच निजामाबादला चारुलताकडे गेली, तर तिचा एक डोळा गेलेला, सहा महिने कोणाला पत्ता नाही. आता पद्मावती तिला दवाखान्यात न्यायला बसने जाते. मी तुला खरं सांगते, या वयात मला वर्ग परत मिळाला.

तुझं नाव येतं तेव्हा मी उठते. आपल्या बाकावर मी कडेला बसते, भिंतीकडची तुझी जागा रिकामी ठेवते. आणि सांगते, "मेलबर्नला लेकीकडे आहे." हे वाक्य माझं नाही. ते आपल्या संघाच्या अध्यक्षांनी तू गेल्यावर व्यासपीठावरून जाहीर केलं होतं आणि तू म्हणालीस, असू दे, तेच बरं, कोणी शोधणार नाही. म्हणून मी तेच चालवलं.

अध्यक्ष म्हणजे तुझे किशोरराव. बघ, एवढं पत्र झालं तरी नाव लिहायला हात धजत नव्हता.

आता नवीन काय, तर प्रशांत पुढच्या महिन्यात मेलबर्नला निघालाय, त्याच्या लेकीकडे, रसिकाकडे. आणि सगळा वर्ग तुझ्यासाठी सामान पाठवतोय. पद्मावतीने लिंबाचं लोणचं घातलंय, कोणी मेतकूट दळलंय. प्रशांत तुझ्या अश्विनीला फोन लावून लावून दमला, ती उचलत नाही. तरी तो म्हणतो, एका शहरात आहेत, शोधून काढतो आणि व्हिडिओ कॉलवर तेजूला सगळ्यांसमोर उभी करतो. इतका आनंदात आहे की मला त्याच्याकडे बघवत नाही.

आणि गुरुवारी दुपारी किशोरराव घरी आले. दिलीप बँकेत गेले होते. सोफ्यावर बसले, चहा मागितला, साखर कमी म्हणाले. तुझ्याबद्दल इतकं मऊ बोलत होते की बाहेरचा कोणी ऐकता तर त्याचे डोळे भरून आले असते. टीपॉयवरचा माझा फोन उचलला, "मुलाचा नवा फोटो बघू," म्हणाले आणि फोटो न बघता कुणाकुणाला फोन केले ते वर-खाली करून पाहिलं. माझ्या घरात, माझ्यासमोर.  सत्यवतीगारूंचा नंबर मी "दूधवाली" म्हणून ठेवला होता, म्हणून वाचले.

जाताना म्हणाले, "वहिनी, हजेरीला तिचं उत्तर तुम्हीच देता ना? मग मेळाव्यात पत्ता पण द्या. मी तिला मानाने घरी आणणार आहे."

मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुम्हीच तर मेलबर्न म्हणालात.

ते हसले. "मी कुठे म्हणालो? मला तर तुम्हीच तसं सांगितलं होतं. पत्ता नाही मिळाला तर मला वर्गाला तेच सांगावं लागेल, की तुम्ही सगळ्यांना फसवलंत. प्रशांतला किती वाईट वाटेल, बघा."

दाराला कडी लावून मी किती वेळ तिथेच उभी होते. तुझ्या बरकतपुऱ्याच्या घरी आम्ही यायचो तेव्हा तू खिडकीशी उभी राहून बोलायचीस. "किल्ली सापडत नाही गं," म्हणायचीस. पद्मावतीला तेच, मलाही तेच. वेंधळी म्हणून तुला किती चिडवलं आम्ही. ते का आठवलं, देव जाणे.

काय बोलू मी त्या रविवारी? लवकर कळव.

तुझी,
अनु

*

हैदराबाद,
२७ जानेवारी २०२५

प्रिय तेजू,

तुझं उत्तर नाही. पोस्टाचा उशीर असेल, तुला ताप असेल, सत्यवतीगारू गावी गेल्या असतील, अशी मी मनाची समजूत घालते आहे. तुझ्याकडे येऊन बघावं तर तेही करता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी असते. मी भाजीला निघाले की तीही निघते. परवा मुद्दाम रिक्षाने अफझलगंजला गेले, लायब्ररीत जाऊन तासभर पेपर चाळला, बाहेर आले तर समोर गाडी. काच खाली करून किशोररावांनी नमस्कार केला. "सोडू का घरी?" म्हणाले. मी बसने आले. तिकीट काढताना पर्स हातातून पडली आणि कंडक्टर म्हणाली, "एमय्यिंदम्मा?" काय झालं म्हणून परक्या बाईने विचारलं आणि मला रडू फुटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. दिलीप स्टेशनवर कुणाला तरी सोडायला चालले आहेत, ते नामपल्लीच्या पेटीत टाकतील. त्यांना सगळं सांगितलं. दोन वर्षं नवऱ्यापासून लपवलंस म्हणून एक दिवस फुगून बसले, मग माझ्यावर नाही तर काळजीने चिडले. त्यांचं म्हणणं, रविवारी जाऊच नकोस. ताप आला म्हण. तू नाहीस तर उत्तर नाही, उत्तर नाही तर भांडण नाही. मी म्हटलं, मग मी गैरहजर. माझं उत्तर कोण देणार? माझ्या बाकावर कोण आहे?

ते उठून खिडकीतून गाडी आहे का ते बघून आले.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली होती. ती लिहिल्याशिवाय हे पत्र बंद करणार नाही. किशोरराव इतकी दोन वर्षं गप्प होते. माझ्याकडे ते आत्ताच का आले, हे तू विचारशील म्हणून मी तिथून घाईने पुढे सरकले.

ते माझ्यामुळे आले. दिवाळीनंतरच्या हजेरीत सरांनी तुझं नाव घेतलं. मी नेहमीचं मेलबर्न सांगितलं. सर म्हणाले, ताजं काय? दर वेळी मी काहीतरी रचायचे. बागेत गुलाब लावले, नातवाला पाढे शिकवते. त्या दिवशी पद्मावतीने चारुलताच्या डोळ्याचं सांगितलं होतं, कोणी आपल्या भावाशी पंधरा वर्षांनी बोलल्याचं सांगितलं होतं. सगळे इतकं खरं बोलत होते की मला रचलेलं तोंडातून काढवेना. आणि आदल्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं. मी म्हणाले, "तेजश्री स्कूटी शिकली, सर. तीनदा पडली आणि पडल्या जागी बसून हसली."

काय टाळ्या पडल्या तेजू. सत्तावन्नाव्या वर्षी स्कूटी! प्रशांत ओरडला, "तिकडे पण मिळते का स्कूटी?" सगळे हसले. मीही हसले. फक्त पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून किशोरराव मागे वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं ना, मेलबर्न त्यांनीच रचलंय. तोवर ते समजत होते की मी बिचारी त्यांचंच वाक्य पुढे नेते. त्या दिवशी कळलं की मी तुला भेटते, आणि तू इथेच कुठेतरी आहेस.

एका खऱ्या वाक्यासाठी मी तुला धोक्यात घातलं. तुझा आनंद मला एकटीने सांभाळवला नाही, वर्गाला वाटावासा वाटला. रागाव, शिव्या घाल, पण हे वाचून एकदम कुठे निघून जाऊ नकोस.

आणि किल्लीचंही गेल्या पत्रात अर्धवटच लिहिलं होतं, ते आता पूर्ण लिहिते. किल्ली हरवत नव्हती. कुलूप बाहेरून असायचं आणि किल्ली ऑफिसात, किशोररावांच्या खिशात. हे तू मला अजून एकदाही सांगितलेलं नाहीस. तू गेल्यावर मी तुझ्या घरी गेले होते, तेव्हा दाराला बाहेरून लावलेला मोठा कोयंडा पाहिला, आणि आतून साधी कडीही नव्हती. तेव्हा कळलं. तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.

आता काम. गुरुवारी मी हळदीकुंकू ठेवलं आहे. रथसप्तमीपर्यंत चालतंच, कोणाला संशय यायचं कारण नाही. सगळी बिल्डिंग, सगळी गल्ली, वर्गातल्या बायका, सगळ्यांना बोलावलंय. दिवसभर साड्या नेसलेल्या बायका जातील-येतील, गाडीत बसून कोणाकोणाला मोजणार? त्या गर्दीत सत्यवतीगारूंना पाठव. वाण म्हणून स्टीलचे डबे आणले आहेत, त्यांनाही त्यातलाच देते, म्हणजे त्या बाकीच्यांसारख्याच दिसतील. त्यांच्या तोंडी निरोप दे. पत्ता सांग म्हणालीस तरी मी सांगणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. बाकी तू म्हणशील ते.

घाबरलेली,
अनु

*

हैदराबाद,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय तेजू,

सत्यवतीगारू आल्या तेव्हा घरात इतक्या बायका होत्या की मला त्या आधी दिसल्याच नाहीत. मोठं कुंकू, केसांत झेंडू, हातात पिशवी, अगदी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वाटत होत्या. मी हळद लावायला वाकले तेव्हा तुझ्याबद्दल कानाशी म्हणाल्या, "अम्मा अच्छे हैं. पता नक्को बोलो. मेलबर्न भी नक्को, बस हो गया बोले." आणि मग तुझं मराठी वाक्य. ते त्यांनी पाठ करून आणलं होतं. तीनदा म्हणून दाखवलं, देवाचं म्हणावं तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्यांच्या ओटीत दोनदा तीळ घातले तेही मला कळलं नाही.

आता काल काय झालं ते सांगते. तुला पहिलं वाक्य हेच हवं असेल, म्हणून लिहिते: तुझा पत्ता कोणालाही कळलेला नाही.

दिलीप मला सोडायला आले. ताप आला म्हण, म्हणणारा माणूस गेटपाशी स्कूटरवर बसून राहिला, ऊन आलं तरी हलला नाही. मी आत गेले आणि आपल्या बाकाच्या कडेला बसले. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, किशोरराव. प्रशांतने बाहेरच मला गाठून सामान गोळा करायला आणलेली बॅग उघडून दाखवली होती, लोणच्याच्या बरणीला त्याने स्वतःचे दोन शर्ट गुंडाळले होते. मला त्या शर्टांकडे बघूनच हजेरीआधी पळून जावंसं वाटलं.

सर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. हात कापतो, पण नावं पाठ. आपली माहेरचीच नावं घेतात, सासरची त्यांना ठाऊकच नाहीत. तुझ्या नावाआधी किती नावं झाली, कोणी काय सांगितलं, मला एक अक्षर आठवत नाही.  मग सर म्हणाले, "तेजश्री वामन बोरीकर."

मी उठले. किशोरराव वळून बसले, पायावर पाय टाकून. मी फक्त सरांकडे बघितलं.

"सर, तेजश्री मेलबर्नला नाही. कधीच नव्हती. मी तुमच्यापुढे दोन वर्षं खोटं बोलले. ती कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ते मी सांगणार नाही."

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. प्रशांत उभा राहिला. किशोरराव उठले आणि सगळ्यांकडे तोंड करून, तोच मऊ आवाज लावून सांगू लागले की बघा, मीही फसलो, माझ्या बायकोला माझ्यापासून तोडलं, आज तुमच्यासमोर उघड झालं. लोक त्यांचं ऐकत होते, तेजू. मान हलवत होते. मला वाटलं, संपलं. वर्गही गेला आणि तूही गेलीस.

सरांनी पेनाने टेबलावर टकटक केलं. किशोररावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "ताजी गोष्ट राहिली."

मी म्हणाले, "तिने स्वतः सांगून पाठवली आहे, सर. तिचे शब्द आहेत. 'आता माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.'"

आधी कोणाला काही कळलं नाही. कुणीतरी हसलंसुद्धा, एवढंच का, अशा अर्थाने. मग पद्मावतीने मान वळवली. ती माझ्याकडे नाही, किशोररावांकडे बघत होती. आणि कोणाला उद्देशून नाही, अशी म्हणाली, "खिडकीतून बोलायची. किल्ली सापडत नाही म्हणायची."

"मलाही तेच म्हणाली होती," मागून चारुलताचा आवाज आला. आणखी कोणीतरी, "आम्हालाही."  किती जणी तुझ्या खिडकीखाली उभ्या राहून परतल्या होत्या ते त्यांना त्या क्षणी एकमेकींकडे बघून कळत होतं. प्रशांत हळूच खाली बसला.

किशोरराव म्हणाले, "हा माझ्या घरचा मामला आहे."

"किशोर," सर म्हणाले, "मी हजेरी घेतोय. खाली बस."

ते बसले नाहीत. सर पेन वर धरून थांबले.  कोणी "जाऊ द्या, सर" म्हणालं नाही, मधे पडलं नाही. शेवटी सर म्हणाले, "हा वर्ग तुझा नाही. तू बाहेर थांब."

सगळ्या शाळेच्या संघाचे अध्यक्ष, आपल्या वर्गाचे जावई म्हणून मिरवणारे, ते खुर्ची सरकवून बाहेर गेले. दार आपटलं. मी बाक घट्ट धरून उभी होते. सरांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "बोरीकर, हजर."

ओंकार कुठला गप्प बसायला. "सर, ती तर आलेली नाही."

"तिचं उत्तर आलं," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

सगळे माझ्या बाजूने झाले असं समजू नकोस. ओंकार आणि आणखी दोघं किशोररावांच्या मागोमाग गेले. ओंकार परत येऊन मला म्हणाला, चारचौघांत एखाद्याचा असा तमाशा करायला नको होता. मी म्हटलं, तमाशा झाला असेल तर तो आज मी केला, रोज दारावर कुलूप लावून कोणी केला ते त्यांना विचार. मला वाटतं तो आता हजेरी सोडून जाईल. जाऊ दे.

प्रशांतचं मात्र मनाला लागलं. चहाला तो एकटाच खिडकीशी उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "कायकू नाही सांगितलंस गं? स्कूटीला टाळ्या पिटल्या मी. मला काय, सर्कस दाखवत होतीस?" मी म्हटलं, तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्या अंगावर गेला असतास आणि त्यांना तिचा माग लागला असता. तो म्हणाला, "हौ, गेलोच असतो."  निघताना माझ्या हातात त्याने बरणी ठेवली, एका शर्टात गुंडाळलेली. दुसरा शर्ट काढून घेतला, म्हणाला, तो बायकोने आणलेला आहे. अजून तो माझ्यावर रागावलेला आहे आणि त्याचा राग बरोबर आहे.

पद्मावतीने काही विचारलं नाही. कुठे, कशी, पैसे आहेत का, काहीच नाही. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला, नखाने उचकटून एक किल्ली वेगळी केली. तिच्या घराची. "तिला म्हणावं, बेल वाजवायची नाही, सरळ यायचं," म्हणाली. तिची नणंद वकील आहे. तुझी इच्छा असेल तर ती तुला भेटायला येईल, तू म्हणशील तिथे. यावर लगेच नाही म्हणू नकोस. मी तुझ्यापुढे हात जोडते, एकदा भेट.

रात्री किशोररावांचा दिलीपना फोन आला. काय बोलले ते दिलीप मला सांगत नाहीत. एवढंच म्हणाले की मी त्यांना सांगितलं, आता गल्लीत गाडी दिसली तर मी सरळ पोलिसांत जाणार. आज सकाळी गाडी नव्हती. म्हणून काही संपलं असं मी मानत नाही आणि तूही मानू नकोस. स्कूटी रोज वेगवेगळ्या रस्त्याने ने. बरणी आणि किल्ली सत्यवतीगारूंकडे पोचवायची काहीतरी तजवीज करते.

मी स्वतःवर रागावले होते, तुला लिहिलंच होतं. कालपासून तो राग गेला असं नाही, पण एक गोष्ट मनात आली. मला आजवर वाटायचं की तुला लपवणं म्हणजे तुला सांभाळणं. काल कळलं, मी एकटी तुला सांभाळत होते, म्हणून दोघीही भीत होतो. आता चाळीस माणसांना माहीत आहे की तू कुठेतरी आहेस आणि तुझी किल्ली तुझ्याकडे आहे. त्यांना पत्ता नको आहे. तुझ्या केसालाही धक्का लागला तर आता विचारणारे चाळीस जण आहेत.

पुढची हजेरी उन्हाळ्यात. तू यावंस असं मी म्हणत नाही. तुला जमेल तेव्हा जमेल, नाहीच जमलं तरी चालेल. पण एक सांगून ठेवते. तुझं नाव आलं की या वेळेपासून मी लगेच उठणार नाही. थोडी थांबेन. सरही थांबतील, मी त्यांना विचारून घेतलंय. दार उघडंच असेल.

तुझ्या बाकावर, भिंतीकडची जागा सोडून बसलेली,

अनु